तीन बादल्यांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुतण्यानं नवी मोटार घेतली होती आणि तिच्यातून आम्ही काही कामासाठी पुण्याला गेलो होतो. मागच्या सीटवर माझे अब्बा होते. वय ऐंशीच्या पुढं, कानांनी थोडं कमी ऐकू येतं, पण डोळे अजून शाबूत. काम आटोपून परत बारामतीकडं निघालो, तर पुतण्या म्हणाला, "चाचा, सात-आठ मिनिटं थांबू या. गाडी धुऊन घेतो. मशीनची धुलाई एकदा बघाच तुम्ही."

गाडी एका लांबट शेडमध्ये शिरली. काचा वर केल्या. आधी चारी बाजूंनी पाण्याचे फवारे, मग फेसाचा जाड थर, मग निळे-तांबडे मोठाले ब्रश गरगरत अंगावर आले. आत बसून वाटत होतं, आपण एखाद्या ढगात अडकलो आहोत. शेवटी वाऱ्याचा झोत सुटला आणि काचेवरचे थेंब पळायला लागले. बाहेर आलो तेव्हा गाडी लख्ख. कुणाचा हात म्हणून लागला नव्हता. पुतण्याच्या तोंडावर असा आनंद, जणू ते यंत्र त्यानंच बनवलं.

अब्बा मात्र गप्प होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पानी किधर गया रे?"

पुतण्या हसून म्हणाला, "गटर में गया, दादा."

"और आया किधर से?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. बारामती येईपर्यंत तो प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसून होता. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता हाती आलेलं आहे. गाडी हातानं धुवावी की यंत्रानं, एवढाच विषय. पण आमच्या भागात पाण्याचा कुठलाही विषय एवढ्यावर थांबत नाही.

बारामती कऱ्हेच्या काठावर वसली आहे. अठराव्या शतकात कविवर्य मोरोपंतांनी याच काठावर आपलं आयुष्य काव्यात घालवलं. पण कऱ्हा ही वर्षातले बरेच महिने कोरडी राहणारी नदी. इथल्या शेताला खरा ओलावा मिळाला तो कालव्यानं. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, माणसं देशोधडीला लागली. त्या काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. भाटघरच्या धरणात साठवलेलं पाणी वीरच्या बंधाऱ्यातून कालव्यात वळायचं आणि बारामतीवरून पुढं इंदापूर तालुक्यात जायचं. म्हणजे हा कालवा भुकेल्या माणसांच्या हातांनी खोदलेला आहे. त्याच्या काठावर उभं राहिलं की हे आठवावं.

कालवा आला, त्याच्या मागं ऊस आला, उसामागं बैलगाड्या आल्या. गाडीवानाची पहिली धुलाई बैलांची. पोळा असो नाहीतर बेंदूर, आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी बैल पाण्यावर. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा, नारळाच्या शेंडीनं बैलाची पाठ घासायचा. जुवानं खांद्याला कुठं गाठ आली आहे, खुरात कुठं काटा शिरला आहे, हे त्या घासण्यातच कळायचं. धुणं म्हणजे तपासणं. ही रीत पुढं मोटारीलाही लागू झाली.

मोटारीचा आणि आमच्या भागाचा संबंध तसा जुना आहे. इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, तेच आजचं वालचंदनगर. याच वालचंदशेठनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडले, पुढं फियाट आली आणि तीच कालांतरानं प्रीमिअर पद्मिनी झाली. ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं कारखाना काढणाऱ्या माणसानं देशाला मोटारही दिली, याचा आमच्याकडच्या जुन्या माणसांना अभिमान आहे.

१९५५-५६ च्या सुमारास अशाच एका फार्गो ट्रकवर माझे अब्बा कामाला लागले. वय चौदा. हुद्दा क्लीनर. आपल्याकडं बोलताना त्याचं 'किन्नर' होतं. डायवर आणि किन्नर ही जोडी तुम्हाला ठाऊकच आहे. डायवरला उस्ताद म्हणायचं, त्याच्या आधी उठायचं, त्याच्यानंतर झोपायचं. चाकामागं दगड लावायचा, हँडल मारायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, मागं सरकताना बाजूच्या फळीवर थाप मारून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं. आणि मुख्य काम गाडी धुण्याचं. नावातच ते होतं.

तेव्हा गाडी धुवायची जागा म्हणजे कालवा. काठाला जिथं उतार असेल तिथं ट्रकची मागची चाकं सरळ पाण्यात उतरवायची. रॉकेलच्या फडक्यानं ग्रीस काढायचं, चेसिसखालचा चिखल खरवडायचा आणि सगळं वाहत्या पाण्यात सोडून द्यायचं. पाणी वाहतं आहे म्हटल्यावर काय, घाण निघून जाते! आपल्या नजरेसमोरून गेली म्हणजे गेली, असं चौदा वर्षांच्या पोराला वाटणारच.

एके दिवशी सकाळी अब्बा असेच गाडी धूत होते. खालच्या अंगाला, पन्नास-साठ पावलांवर, एक बाई घागर भरायला वाकली. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग आलेला. ती तशीच उठली, रिकामी घागर काखेला लावून चालत वर आली आणि म्हणाली, "ए पोरा, वरनं त्याल सोडतुयास, अन् खाली आमची लेकरं ह्येच पाणी पित्यात!" बाईनं शिवी दिली नाही, आरडाओरडा केला नाही. एवढंच बोलून आणखी वरच्या अंगाला जाऊन तिनं घागर भरली.

अब्बा ही हकीकत सांगतात तेव्हा अजूनही खाली बघतात. त्या दिवसापासून त्यांनी गाडी कालव्यात उतरवली नाही. उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, पण बादलीनं पाणी काढून, ट्रक काठापासून लांब मुरमावर लावून धुवायला लागले. बादलीनं पाणी वाहायचं म्हटलं की हिशेब आपोआप येतो. ट्रकला दहा बादल्या, जीपला नाहीतर मोटारीला तीन. पहिली धूळ भिजवायला, दुसरी फडक्यानं घासायला, तिसरी वरून खाली ओतायला. हा त्यांचा कायदा.

हा कायदा त्यांच्या अंगात लवकर मुरला, त्याला घरातलंही एक कारण होतं. आमच्या घरी वजूसाठी तोटीचा लोटा होता, त्याला आम्ही बधना म्हणतो. एका बधन्यात हात, तोंड, पाय सगळं धुऊन व्हायचं. वाहत्या नदीच्या काठावर बसलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण आहे. माझी दादी ती पोरांना रोज ऐकवायची. कालव्यावर भेटलेल्या त्या बाईनं तीच गोष्ट आपल्या भाषेत सांगितली होती.

पुढं अब्बा स्वतः डायवर झाले. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या ट्रकवर पाण्याची टाकी बसवली होती. जिरायती पट्ट्यातल्या वस्त्यांवर पाणी पोचवायचं काम. गावात ट्रक शिरला की हंडे, कळश्या, डबे घेऊन माणसं धावत यायची. त्या काळात महिनोन्महिने त्यांनी ट्रक धुतला नाही. फक्त पुढची काच आणि दिवे ओल्या फडक्यानं पुसायचे. खंडेनवमीला डायवर मंडळी गाड्या धुऊन, हार घालून पूजतात. आमच्या घरातही त्या दिवशी गाडीला झेंडूचा हार असायचाच. त्या वर्षी हार घातला तो धुळीनं माखलेल्या ट्रकला. "पाणी वाटणारी गाडी पाण्यानं कशी धुवायची?" असं ते म्हणायचे.

या सगळ्यात क्लीनर काय शिकायचा, हेही सांगितलं पाहिजे. धुता धुता त्याला गाडी पाठ व्हायची. कुठला पाटा तडकला आहे, कुठला नट सैल आहे, कुठून तेल पाझरतं आहे, हे फडक्याखालच्या बोटांना आधी कळायचं. उस्ताद लोक त्याची परीक्षा यावरूनच घेत. कित्येक डायवर, मिस्तरी, गॅरेजवाले असे बादली-फडक्यातून घडले. त्यांची शाळा तीच. तरी त्यांच्या नावाला मान नव्हता. वर्तमानपत्रातली अपघाताची बातमी आठवा. 'चालक व क्लीनर जागीच ठार'. पुष्कळ वेळा चालकाचं नाव असतं, गाव असतं, वय असतं. क्लीनरचं नाव शोधावं लागतं. मी कवितेच्या नादानं शब्द गोळा करत फिरतो, पण 'किन्नर' या शब्दाशी मला नेहमी अडायला होतं. माझ्या बापाची ऐन उमेदीची वर्षं त्या एका शब्दात मावली होती.

आता यंत्राकडं येऊ. आपल्याला वाटतं, ही यंत्रं कालपरवाची. पण १९१४ साली अमेरिकेत डेट्रॉइट शहरात दोघा जणांनी 'ऑटोमोबाईल लॉन्ड्री' नावाचं दुकान काढलं होतं. म्हणजे मोटारींची परीटघडीच! गंमत अशी, की तिथं यंत्र नव्हतंच. माणसंच गाडी ढकलत पुढं न्यायची. एकानं साबण लावायचा, दुसऱ्यानं खळबळायचं, तिसऱ्यानं पुसायचं. त्याच परिसरात आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, फोर्डच्या कारखान्यात मोटारी सरकत्या साखळीवर जोडायला सुरुवात झाली होती. जोडणीची तीच तऱ्हा धुण्याला लावली गेली. पुढं साखळीनं गाडी ओढणारी, फवारे आणि ब्रश फिरवणारी यंत्रं आली. १९६२ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात दोघा जर्मनांनी आणखी एक युक्ती केली. गाडी जागच्या जागी उभी राहते आणि फिरत्या ब्रशांची चौकट तिच्यावरून मागं-पुढं जाते. आज पेट्रोल पंपाजवळ दिसणारी पुष्कळ यंत्रं याच वंशातली.

जर्मनीचं नाव आलं म्हणून सांगतो. तिथं बऱ्याच शहरांत घरापुढच्या रस्त्यावर गाडी धुवायला मनाई आहे. पाणी जास्त लागतं म्हणून नव्हे, तर साबण, तेल, ग्रीस मिसळलेलं पाणी जमिनीत मुरून भूजल बिघडतं म्हणून. धुलाई केंद्रात ते पाणी एका जागी गोळा होतं, गाळता येतं, तेल वेगळं काढता येतं आणि बरंचसं पुन्हा वापरता येतं. म्हणजे कालव्यावरची बाई जे बोलली, ते तिकडं कायद्यात लिहिलं गेलं.

'स्वयंचलित' हा शब्दही आपल्याला परका नाही. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली स्वयंचलित दारं बसवली गेली. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ती शोधून काढली होती. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडायची, पातळी उतरली की मिटायची. सांडव्यावरून वाया जाणारं पाणी त्यामुळं धरणात जास्त साठवता येऊ लागलं. याच विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत सुचवली. आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी यंत्र स्वतःहून चालायला लागलं ते पाणी राखण्यासाठी. हे ध्यानात ठेवलं, तर यंत्राकडं उगाच वाकड्या नजरेनं बघायचं कारण राहत नाही. ते पाणी राखतं की उधळतं, एवढंच विचारायचं.

आता अब्बांच्या प्रश्नाकडं वळतो. पाणी आलं कुठून?

पुण्यात गाडी धुवायला नळाचं पाणी लागलं असेल, तर ते मुख्यतः खडकवासल्याच्या साखळीतलं. त्याच खडकवासल्याचा उजवा कालवा हडपसर, दौंड करत जवळजवळ दोनशे किलोमीटर चालून इंदापूर तालुक्यात येतो आणि तिथं संपतो. म्हणजे आमचा इंदापूरचा शेतकरी त्या कालव्याच्या टेलला. आवर्तन सुटलं की पाणी आपल्यापर्यंत येतं की मधेच आटतं, याकडं डोळे लावून बसणारा. शहराची तहान वाढेल तसं टेलचं पाणी अवघड होत जातं. नळाऐवजी बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलं, तरी ते कुठल्या ना कुठल्या जमिनीतून उपसलेलं असतंच.

आणि ते गेलं कुठं?

गटारातून नाल्यात, नाल्यातून मुळा-मुठेत. मुळा-मुठा पुढं रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात येते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं तेव्हा मी लहान होतो. इंदापूर तालुक्यातली कितीतरी गावं उठली. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. धरणाची पातळी खूप उतरली की तिथलं पळसनाथाचं देऊळ अजूनही वर येतं आणि माणसं आपलं जुनं गाव बघायला जातात. आपल्या जमिनी, घरं, देवळं, कबरी ज्या पाण्यासाठी लोकांनी दिल्या, त्याच पाण्यात शहराचं सांडपाणी येऊन मिसळतं. भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात. गाडी स्वच्छ धुऊन माणसं येतात, आणि ती धुतलेलं पाणी त्यांच्या आधीच इथल्या वाटेला लागलेलं असतं.

म्हणजे वरचं पाणी कालव्यानं यायचं ते इंदापूरला, आणि वापरून झालेलं नदीनं यायचं तेही इंदापूरच्याच शिवेवर. पुण्यातल्या त्या शेडमध्ये अब्बांनी विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आमच्याच तालुक्यांत होती.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. अंगणातल्या नळाला पाइप लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. पंधरा लिटरची बादली साधारण मिनिटात भरली. गाडी धुताना पाइप वीस मिनिटं जमिनीवर वाहत ठेवणारे आपल्यात कमी नाहीत. म्हणजे तीनशे लिटर. अब्बांच्या तीन बादल्या, पंचेचाळीस लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं ग्रामीण भागात माणशी रोज पंचावन्न लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्या मापानं पाइपनं धुतलेली एक गाडी पाच माणसांचा दिवसभराचा वाटा पिऊन वर थोडं मागते. तीन बादल्यांची गाडी एका माणसाच्याही वाट्याच्या आत बसते.

म्हणून हातानं धुतलं की पाणी वाचतं, असं सरसकट म्हणता येणार नाही. हातात बादली आहे की पाइप, यावर ते ठरतं. यंत्राचंही तसंच. खाली गाळाचे हौद असतील, पाणी गाळून पुन्हा वर चढत असेल, तर यंत्र पाइपवाल्यापेक्षा शहाणं. नुसतंच ताजं पाणी ओतून गटारात सोडत असेल, तर तो मोठा पाइपच. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूमध्ये पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. एवढ्या मोठ्या, श्रीमंत शहरावर ती वेळ आली. आपण ती येईपर्यंत थांबायचं का, हा ज्याचा त्यानं विचार करावा.

आता घरातलीच एक गोष्ट सांगून थांबतो. पुतण्याच्या मनात बारामतीत असंच धुलाई केंद्र काढायचं आहे. कर्जाचे कागद जमवणं चाललं आहे. तो दादांचा सल्ला घ्यायला बसला, तेव्हा मला वाटलं, अब्बा नाही म्हणतील. यंत्र आलं की बादलीवाल्या पोरांचं काम जातं, हे त्यांना कुणी सांगायला नको. पण त्यांनी कागद मागितला आणि कापऱ्या हातानं तीन चौकोन काढले. पहिल्या हौदात गाळ बसेल. दुसऱ्यात तेल वर तरंगेल, ते डब्यात काढायचं. तिसऱ्यातलं पाणी पुन्हा पहिल्या धुलाईला. "तीन बादल्याच आहेत," ते म्हणाले, "फक्त मोठ्या."

मग दोन अटी घातल्या. यंत्राच्या तोंडाशी एक माणूस ठेवायचा. गाडी बाहेर आली की त्यानं चाकांवरून, खालून हात फिरवायचा आणि काही दिसलं तर मालकाला सांगायचं. दुसरी अट, त्या माणसाचं नाव पाटीवर लिहायचं, मालकाच्या नावाखाली.

पहिल्या अटीचं कारण पुतण्याला ठाऊक होतं. पुण्याहून आलो त्याच संध्याकाळी अब्बा अंगणात त्या लख्ख गाडीभोवती फिरले होते. सवयीनं टायरच्या आतल्या अंगाला हात घातला, थांबले आणि मला बॅटरी आणायला सांगितली. रबरात खिळा रुतला होता, अगदी खोल. यंत्रानं त्याच्यावरून पाणी मारलं होतं, ब्रश फिरवला होता आणि खिळ्यालाही चकचकीत केलं होतं.

पहिली अट पुतण्यानं लगेच मान्य केली. दुसरीवर तो अजून विचार करतो आहे. पाटीवर जागा कमी पडेल म्हणतो.